अणुसंमीलनाच्या हिशेबात राहून गेलेला घसारा

परतूरच्या बाजारपेठेत घर बांधावयास निघालेला गृहस्थ सळईचा भाव विचारतो, जाडी विचारतो, फार तर कोणत्या कारखान्याचा माल आहे हे विचारतो. ती सळई किती वर्षे टिकेल, हा प्रश्न तो सहसा विचारीत नाही. काँक्रीटच्या आत गेलेले पोलाद नातवंडांच्या काळापर्यंत तसेच राहील असे तो गृहीत धरतो, आणि आत पाणी मुरले नाही तर त्याचे हे गृहीत चुकतही नाही. परतूर ज्या जालना जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याची ओळखच पोलादाची आहे. ठिकठिकाणचे भंगार जालन्याच्या भट्ट्यांत वितळते, रोलिंग मिलमध्ये त्याच्या सळ्या होतात आणि त्या सळ्यांवर दूरदूरच्या इमारती उभ्या राहतात. पोलाद म्हणजे टिकाऊपणा, हे समीकरण या भागातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मात्र एका क्षेत्रात हेच समीकरण कोलमडते. आणि ते क्षेत्र लहानसहान नाही. सूर्याच्या गाभ्यात चालणारी क्रिया पृथ्वीवर नियंत्रित रीतीने घडवून अक्षय वीज मिळवावयाची, हे गेल्या पाऊण शतकाचे वैज्ञानिक स्वप्न आहे. त्या अणुसंमीलनाच्या भट्टीत सर्वांत आतील भिंत कशाची असावी आणि ती किती दिवस टिकावी, या प्रश्नाचे निर्णायक उत्तर अद्याप कोणाजवळही नाही. संमीलनावर लिहिले-बोलले जाते ते बहुधा इंधनाविषयी आणि उष्णतेविषयी. भिंतीविषयी क्वचितच कोणी बोलतो. वस्तुतः विजेचा दर ठरणार आहे तो मुख्यतः भिंतीवरून.

इंधन स्वस्त, म्हणून वीज स्वस्त?

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळविण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षपदावरून केले होते. १९७५ साल आले आणि गेले; भाकीत खरे ठरले नाही. त्यानंतरही प्रगती झाली नाही असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेने ५ डिसेंबर २०२२ रोजी इंधनाच्या गोळीवर लेसरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळविली. लेसर चालविण्यासाठी त्याच्या शंभराहून अधिक पट वीज लागली होती, ही गोष्ट मात्र बातमीच्या जल्लोषात मागे पडली. ब्रिटनमधील ‘जेट’ या यंत्राने २०२३ साली आपल्या अखेरच्या प्रयोगांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा निर्माण केली. आता तर अमेरिकेतील काही खासगी कंपन्या या शतकाच्या चौथ्या दशकातच, किंबहुना त्याही आधी, वीज विकण्याची भाषा करीत आहेत.

या सर्व आशावादाच्या मुळाशी एक साधा युक्तिवाद आहे. संमीलनास लागणारे ड्यूटेरियम पाण्यात असते, आणि पाण्याला तोटा नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात थळ येथे ड्यूटेरियमयुक्त जड पाणी औद्योगिक प्रमाणावर तयार होते. दुसरे इंधन ट्रिटियम. ते निसर्गात जवळजवळ नाही. पण भट्टीभोवती लिथियमचे आवरण घातले तर तेथेच ते तयार करता येईल, अशी योजना आहे. तात्पर्य, इंधनाचा खर्च नगण्य, म्हणून वीजही नगण्य दरात मिळेल, असे सुचविले जाते.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही या युक्तिवादातील उणीव दाखविता येईल. वाऱ्याला दाम पडत नाही, उन्हाला पडत नाही, धरणातून खाली येणाऱ्या पाण्यालाही पडत नाही. तरी पवनचक्कीची, सौरपट्ट्यांची व जलविद्युत्‌ केंद्राची वीज फुकट मिळत नाही. ज्या उद्योगात इंधनाचा खर्च थोडा, त्यात भांडवलाचा खर्च प्रधान असतो. भांडवलाचा खर्च म्हणजे व्याज आणि घसारा. व्याजाचा दर बाजार ठरवितो. घसारा ठरतो यंत्राच्या आयुष्यावरून. संमीलनाच्या भट्टीचे आयुष्य म्हणजे तिच्या आतील भिंतीचे आयुष्य. म्हणून त्या भिंतीत काय घडते, हे पदार्थविज्ञानाइतकेच अर्थकारणाचेही प्रकरण आहे.

पोलादाच्या आत काय घडते

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांचे मीलन झाले की १ कोटी ७६ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा मोकळी होते. तिच्यातील सुमारे चार-पंचमांश, म्हणजे १ कोटी ४१ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एकटा न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनवर विद्युत्‌भार नाही; त्यामुळे तप्त वायूला भिंतीपासून दूर ठेवणारे बलाढ्य चुंबक त्याला अडवू शकत नाहीत. तो सरळ भिंतीत शिरतो. त्याची ही गतीच उष्णतेत रूपांतरित होऊन तिच्यावर वाफ आणि वाफेवर वीज व्हावयाची असते. म्हणजे ज्या माऱ्याने भिंत झिजते, तोच मारा या उद्योगाचे उत्पन्न होय. भिंत वाचविण्यासाठी मारा कमी करावा, तर विक्रीसाठी वीजच उरत नाही.

आता भिंतीच्या बाजूने पाहू. पोलादातील लोखंडाचे अणू शिस्तीत, रांगेने बसलेले असतात. त्यांतील एक अणू जागेवरून उठविण्यास साधारणतः ४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. संमीलनाचा न्यूट्रॉन एका धडकेत लोखंडाच्या अणूला जास्तीत जास्त दहा लक्षांच्या आसपास इलेक्ट्रॉन-व्होल्ट देऊ शकतो. धक्का बसलेला अणू शेजाऱ्यांना ढकलतो, ते आपल्या शेजाऱ्यांना. यात्रेच्या गर्दीत एका टोकाला रेटा बसला म्हणजे जे होते, तेच येथे क्षणाच्या अब्जांशाहूनही अल्प काळात होते. बहुतेक अणू पुन्हा कोठल्या ना कोठल्या जागी बसतात. काही मात्र बसत नाहीत. मागे रिकाम्या जागा राहतात आणि रांगांच्या मध्ये नको तेथे अडकलेले अणू राहतात.

पोलाद वाकते ते या रांगा एकमेकींवरून सरकतात म्हणून. वाटेत अडथळे साचले की रांगा सरकेनाशा होतात. पोलाद आधी कठीण होते, पण त्याची लवचीकता जाते आणि पुढे ते काचेसारखे तडकण्याच्या बेतास येते. उलट, रिकाम्या जागा एकत्र आल्या की आतल्या आत पोकळ्या तयार होऊन धातू फुगतो. ही शेवटची गोष्ट १९६७ साली प्रथम उघडकीस आली. स्कॉटलंडमधील डाउनरे येथील द्रुतगती अणुभट्टीतून काढलेल्या स्टेनलेस पोलादाच्या इंधननळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांत असंख्य सूक्ष्म पोकळ्या आढळल्या. तोवर ज्या पोलादावर अभियंत्यांची भिस्त होती, त्याचे माप व आकारच भट्टीत बदलतात, हे त्या दिवसापासून मान्य करावे लागले.

संमीलनात याच्या जोडीला आणखी एक संकट असते. अतिवेगवान न्यूट्रॉन लोखंडाच्या केंद्रकाला धडकून त्यातून हेलियम मोकळा करतो. अणुभंजनातील न्यूट्रॉनांची सरासरी ऊर्जा २० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते, त्यामुळे तेथे हा प्रकार अल्प. संमीलनात तो कित्येक पट अधिक. हेलियम हा धातूत न विरघळणारा वायू आहे. तो रिकाम्या जागा शोधतो, कणांच्या सीमारेषांवर बुडबुड्यांच्या रूपाने जमतो आणि धातूची वीण आतून उसवतो. याचा व्यावहारिक परिणाम गावातील वेल्डिंगच्या दुकानदारालाही कळण्यासारखा आहे. पोलादात दहा लक्ष अणूंमागे हेलियमचा एखादा अणू साचला, तरी जाड पत्रा पुन्हा वेल्ड करणे धोक्याचे ठरते. ज्योतीच्या उष्णतेने बुडबुडे फुगून सांध्यालगत तडा जातो. म्हणजे अशी भिंत बिघडल्यावर दुरुस्त करता येत नाही. ती काढून नवी बसवावी लागते. हिशेबाच्या वहीत दुरुस्ती आणि पुनर्स्थापना ही दोन निराळी खाती आहेत आणि त्यांच्या रकमांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

तारापूर व रावतभाटा यांचा धडा

ही सारी भविष्यकाळातील काळजी आहे, असे कोणी म्हणेल. परंतु धातूच्या वार्धक्याचा जमाखर्च भारताने अणुभंजनाच्या भट्ट्यांत यापूर्वीच पाहिला आहे. अमेरिकन तंत्रज्ञानाने उभारलेले तारापूरचे पहिले दोन संच १९६९ साली वीज देऊ लागले. अशा भट्टीचे जाड पोलादी पात्र बदलता येत नाही. म्हणून त्याच पोलादाचे नमुने पात्रात ठेवून, ठरावीक वर्षांनी बाहेर काढून, ते किती ठिसूळ झाले हे तपासण्याची पद्धत आहे. तारापुरातही तिचा अवलंब झाला. या संचांची क्षमता मुळात प्रत्येकी २१० मेगावॉट होती. ती पुढे १६० वर आणावी लागली. तेथील अडचण किरणोत्सर्गाची नव्हती, बाष्पजनित्रांतील नळ्यांची होती. तथापि काही नळ्यांच्या दोषापायी केंद्राची सुमारे २४ टक्के क्षमता कायमची जाते, हा धडा अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा आहे.

दुसरे उदाहरण राजस्थानातील रावतभाटा येथील दुसऱ्या संचाचे. तेथील भट्टीत इंधन व जड पाणी वाहून नेणाऱ्या ३०६ दाबनलिका झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या होत्या. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्या लांबल्या व मध्ये झोळल्या, आणि हायड्रोजन शोषल्याने ठिसूळ होऊ लागल्या. अखेर १९९४ साली संच बंद करून सर्वच्या सर्व नलिका बदलण्यात आल्या. नायोबियम घातलेल्या नव्या मिश्रधातूच्या नलिका बसवून तो १९९८ साली पुन्हा सुरू झाला. भारतीय अभियंत्यांनी हे काम स्वबळावर केले, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण चार वर्षे त्या संचाने एक युनिट वीज दिली नाही, हेही तितकेच खरे.

आता प्रमाण पाहा. धातूला झालेली इजा मोजण्याचे माप असे: सरासरीने प्रत्येक अणू एकदा जागेवरून हलला म्हणजे एक विस्थापन. तारापूरसारख्या भट्टीच्या पात्राला संपूर्ण आयुष्यात एक-दशांश विस्थापनही सोसावे लागत नाही. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक भट्टीच्या भिंतीला सर्व आयुष्यात तीनच्या आतबाहेर सोसावे लागेल. त्यापुढील प्रात्यक्षिक वीजकेंद्रासाठी युरोपीय आराखड्यात पहिल्या आवरणाला २० आणि दुसऱ्याला ५० विस्थापने धरली आहेत. खऱ्या व्यापारी केंद्रात भिंत वारंवार बदलावयाची नसेल, तर शंभराच्या पुढे जावे लागेल. म्हणजे पोलादातील प्रत्येक अणू शंभर वेळा घराबाहेर काढावयाचा आणि तरीही घर उभे राहावे, अशी ही अपेक्षा आहे.

ती पुरी झाली नाही तर काय होईल, याचा हिशेब कागदावर करून पाहण्यास हरकत नाही. समजा, असे केंद्र उभारण्यास २० हजार कोटी रुपये लागले आणि व्याजाचा दर ८ टक्के आहे. वर्षाचे व्याज १,६०० कोटी. किरणोत्सर्गामुळे आत माणूस जाऊ शकत नाही. भिंतीचे तुकडे दूरनियंत्रित हातांनी काढावे व बसवावे लागणार. या कामास आठ महिने लागले, तर एकही युनिट न विकता हजार कोटींहून अधिक व्याज डोक्यावर चढते. नव्या भिंतीची किंमत वेगळीच. हे दर वीस वर्षांनी घडले तर सोसता येईल. दर तीन वर्षांनी घडले तर इंधन फुकट असूनही केंद्र दिवाळखोरीत निघेल. येथे यंत्राचा आकार लहान करण्याचा मार्ग काही खासगी कंपन्यांनी पत्करला आहे. त्यामुळे प्रारंभीचे भांडवल कमी होते, हे खरे. परंतु तेवढीच ऊर्जा लहान भिंतीतून बाहेर काढावयाची म्हणजे दर चौरस मीटरवर न्यूट्रॉनांचा भडिमार वाढवावयाचा. भांडवलात वाचविलेला पैसा घसाऱ्यात परत द्यावा लागण्याचा हा प्रकार होय.

न झालेली परीक्षा

या अडचणीवर शास्त्रज्ञ हात जोडून बसलेले नाहीत. क्रोमियमचे प्रमाण सुमारे ९ टक्के असलेली, विशिष्ट अंतर्रचनेची पोलादे फुगण्यास बरीच दाद देत नाहीत, असे दिसून आले आहे. ही अंतर्रचना जालन्याला सर्वस्वी अपरिचित नाही. लालबुंद सळई पाण्याच्या फवाऱ्यातून नेऊन तिचे बाहेरचे कवच कणखर करतात आणि आतील उष्णतेने त्या कवचाचा ताठरपणा सौम्य होऊ देतात. विळ्याला पाणी देणारा लोहारही लहान प्रमाणात तेच करतो. त्या कवचाची आणि संमीलनासाठी घडविलेल्या पोलादाची अंतर्रचना एकाच कुळातील आहे. युरोपने व जपानने अशी पोलादे तयार केली. भारतातही गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादची मिश्र धातू निगम यांनी मिळून ९ टक्के क्रोमियम, १.४ टक्के टंग्स्टन व ०.०६ टक्के टँटलम असलेले पोलाद विकसित केले आहे. हे काम वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले नाही, येण्याजोगे होते.

परंतु या पोलादांच्याही मर्यादा आहेत. साधारणतः ३५० अंश सेल्सिअसच्या खाली न्यूट्रॉनांचा मारा बसला तर ती ठिसूळ होतात, आणि ५५० अंशांच्या वर तापली तर ताणाखाली हळूहळू लांबत जातात. काम करण्याची पट्टी एवढीच, दोनशे अंशांची. याहून मोठी अडचण म्हणजे खऱ्या परिस्थितीत ही पोलादे तपासण्याची सोयच जगात नाही. अणुभंजनाच्या भट्टीत ठेवले तर विस्थापने मिळतात, पण हेलियम त्या प्रमाणात साचत नाही. प्रवेगकातून जड कणांचा मारा केला तर तो पृष्ठभागाखाली काही सहस्रांश मिलिमीटरच जातो. अमेरिकेत लिव्हरमोर येथे १९७९ ते १९८७ या काळात संमीलनाच्या ऊर्जेचे न्यूट्रॉन देणारे यंत्र चालले. त्यातून गाठता आलेली विस्थापने अत्यल्प होती. स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ केवळ या परीक्षेसाठी एक मोठे प्रवेगक केंद्र उभारले जात आहे. ते पूर्ण होऊन त्यात नमुने वर्षानुवर्षे राहिल्यावरच उत्तर मिळू लागेल. ‘इटर’चे वेळापत्रकही २०२४ साली पुन्हा लांबले असून ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू करण्याचे ठरले आहे. शिवाय तीन विस्थापनांपुरती ती भट्टी पन्नास विस्थापनांचे उत्तर देऊ शकणार नाही. जो विद्यार्थी परीक्षेला बसलाच नाही, त्याला पहिला वर्ग कसा द्यावा?

भंगाराचा प्रश्न

भिंत काढून टाकली म्हणजे प्रश्न संपत नाही. काढलेल्या हजारो किलो पोलादाचे काय करावयाचे? न्यूट्रॉनांनी ते पोलाद स्वतःच किरणोत्सर्गी बनते. कोणते मूलद्रव्य त्यात आहे यावर हा दोष किती वर्षे टिकेल हे ठरते. नायोबियम नेहमीच्या पोलादाला थोडक्यात बळ देते, परंतु संमीलनाच्या भट्टीत त्यातून सुमारे २० हजार वर्षे अर्धायुष्य असणारा किरणोत्सर्गी पदार्थ तयार होतो. म्हणून मॉलिब्डेनम व नायोबियम वगळून त्यांच्या जागी टंग्स्टन व टँटलम घालतात. या दक्षतेने शंभर वर्षांच्या सुमारास ते पोलाद पुन्हा हाताळता यावे, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी नको असलेली द्रव्ये दहा लक्ष भागांत काही भाग इतकी खाली ठेवावी लागतात. भंगारावर चालणाऱ्या भट्टीला हे साधणारे नाही; ज्या कच्च्या मालाचा पूर्वेतिहासच ठाऊक नाही, त्याची अशी हमी कोण देणार?

जालना जिल्ह्याने या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहण्याचे कारण हेच. भंगारातून किरणोत्सर्ग कसा हिंडतो, हे देशाने अनुभवले आहे. २००८ साली फ्रान्समध्ये उद्वाहनाच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले आणि त्या पोलादाचा माग महाराष्ट्रातील एका ओतशाळेपर्यंत आला. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात मोडीत निघालेले एक किरणोत्सर्गी उपकरण फोडले गेले. त्यात एकाचा मृत्यू झाला आणि अनेक जण होरपळले. त्या घटना संमीलनाशी संबंधित नव्हत्या. तरीही त्यांनी एवढे निश्चित शिकविले की, किरणोत्सर्गी धातूचा हिशेब भट्टीच्या दारातून बाहेर पडल्यावर सुटला, तर त्याची किंमत भंगार वेचणारा आणि वितळवणारा मजूर देतो. शंभर वर्षे पोलाद कोठे ठेवावयाचे, त्यावर पहारा कोणी ठेवावयाचा आणि त्याचा खर्च कोणत्या पिढीच्या नावावर टाकावयाचा, हे प्रश्न आजच्या वीजदराच्या आकडेमोडीत आले पाहिजेत.

भारताने काय करावे

याचा अर्थ संमीलनाचे संशोधन सोडून द्यावे असा मुळीच नाही. त्यात कोळशाचा धूर नाही, आणि अणुभंजनातील साखळी-प्रक्रिया हाताबाहेर जाण्याचे भय नाही. भारतासारख्या मोठ्या देशाने त्यापासून दूर राहणे हे कूपमंडूकपणाचे ठरेल. ‘इटर’मध्ये भारत २००५ साली सामील झाला, सुमारे नऊ टक्के वाटा त्याचा आहे. त्या यंत्राला वेढणारे सुमारे ३० मीटर उंचीचे व ३,८०० टनांहून अधिक वजनाचे पोलादी शीतपात्र लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा येथील कारखान्यात घडले. ही कामगिरी जागतिक दर्जाची आहे. परंतु शीतपात्र हे सर्वांत बाहेरचे भांडे होय. न्यूट्रॉनांचा खरा मार तेथवर पोहोचत नाही. बाहेरचे भांडे घडविण्यात भारताने नाव मिळविले; आतील भिंतीचे ज्ञान मात्र ज्याचे, त्याच्याकडूनच उद्या केंद्र विकत घ्यावे लागेल. तारापूरच्या इंधनासाठी भारताला परदेशाच्या दारात किती ताटकळावे लागले, याचा विसर पडू नये.

म्हणून संमीलनावरील खर्चाचा मोठा हिस्सा धातुविज्ञानाकडे वळविला पाहिजे. प्रत्यक्ष न्यूट्रॉनांच्या माऱ्यात नमुने तपासण्याची सोय देशात उभारावी, किंवा स्पेनमधील केंद्रात भागीदारी मिळवावी. हे काम संथ आहे. एका नमुन्याचा निकाल लागण्यास जितकी वर्षे लागतात, तितक्यात दोन निवडणुका होऊन जातात. आणि यश मिळाले तरी फीत कापण्याजोगे त्यात काही नसते. अंदाजपत्रक करणाऱ्यांना अशी कामे आवडत नाहीत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटींची तरतूद घोषित झाली. भट्ट्या दिसतात, त्यांच्या धातूची परीक्षा दिसत नाही.

मराठवाड्याला या कामात जागा नाही असेही समजू नये. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरींच्या ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे आवार २०१८ पासून आहे. ज्या जिल्ह्यात पोलाद रोज वितळते, त्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत धातुशास्त्र शिकविण्याची व पोलाद तपासण्याची उत्तम सोय का असू नये? भट्टीवरचा कामगार रंगावरून ताप ओळखतो. त्याच्या मुलाला तो रंग का बदलतो हे कळावयास हवे.

तोपर्यंत एक विवेक पाळला पाहिजे. दूरच्या आश्वासनावर जवळची कामे ढकलता कामा नयेत. परतूर तालुक्यातील शेतकऱ्याला पिकाला पाणी देण्यासाठी रात्रीबेरात्री जागावे लागू नये, याचे उत्तर २०३९ च्या प्रयोगात नाही. ते २०२३ साली राज्याने पुन्हा हाती घेतलेल्या सौर कृषिवाहिनी योजनेसारख्या कामांच्या कसोशीने केलेल्या अंमलबजावणीत आहे. राजस्थानातील भादला येथील लिलावात २०१७ सालीच सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैसे इतका खाली आला होता. रात्रीसाठी साठवणुकीचा खर्च त्यात मिळविला, तरी उद्या संमीलनाच्या विजेला याच बाजारात उभे राहावयाचे आहे, हे विसरून चालणार नाही.

यापुढे संमीलनाच्या यशाची बातमी येईल, तेव्हा किती अंश तापमान गाठले आणि किती सेकंद टिकविले, एवढ्यावर शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी समाधान मानू नये. भिंत कशाची आहे, तिने किती विस्थापने सोसली, ती किती दिवसांनी बदलावी लागेल आणि काढलेले पोलाद कोठे जाईल, हे चार प्रश्न विचारावेत. सळई घेणाऱ्या गृहस्थाला ‘किती टिकेल’ हे विचारावे लागत नाही, कारण त्याचे उत्तर अनुभवाने आधीच दिले आहे. संमीलनाच्या बाबतीत तो अनुभव अद्याप कोणाच्याच गाठीशी नाही. तो जोवर येत नाही, तोवर स्वस्त विजेचे आकडे हे ताळेबंद नव्हेत, केवळ अंदाज आहेत, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ झाले.